कोऱ्या पॅनेलपासून: जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरचा आवाज स्वतःच्या हाताने कसा घडवावा

१९७० साली बाजारात आलेल्या मिनीमूग मॉडेल डी या सिंथेसायझरमध्ये, म्हणजे विद्युत मंडलांतून आवाज घडवणाऱ्या वाद्यात, आवाज साठवून ठेवण्याची कोणतीही सोय नव्हती. रात्री जमलेला आवाज सकाळी पुन्हा हवा असेल, तर प्रत्येक नॉब कुठे होता हे आठवावे लागे, नाहीतर पॅनेलचे चित्र छापलेल्या कोऱ्या तक्त्यावर पेन्सिलीने खुणा करून ठेवाव्या लागत. आज संगणकावरच्या कोणत्याही सिंथेसायझरमध्ये शेकडो तयार आवाज मिळतात आणि माझ्या मते शिकणाऱ्याची खरी अडचण तिथेच सुरू होते, कारण तो नावांची यादी चाळत राहतो आणि एखादा आवाज आवडला तरी तो कशामुळे तसा झाला हे त्याला कळत नाही. म्हणून या लेखात एकही तयार आवाज न वापरता, रिकाम्या पॅनेलपासून एक आवाज कसा उभा करायचा हे सांगितले आहे. वाटेत जुनी यंत्रे बनवणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची माहिती येईल, पण ज्या पायरीवर तिचा उपयोग आहे त्याच पायरीवर.

साधने फार लागत नाहीत. जुने यंत्र विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्याऐवजी व्हीसीव्ही रॅक हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे, जे विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि जुन्या मॉड्युलर सिंथेसायझरप्रमाणेच सुट्या मॉड्यूलना केबल जोडून वाजवता येते. त्याच्याबरोबर येणारा ‘फंडामेंटल’ नावाचा संच या लेखातील जवळजवळ सर्व प्रयोगांना पुरतो. मिडी कीबोर्ड, म्हणजे संगणकाला जोडता येणारी पियानोसारखी पट्टी, असल्यास उत्तम, नसल्यास संगणकाचाच कीबोर्ड पियानोच्या पट्ट्यांसारखा वापरण्याची सोय त्यात आहे. हेडफोन मात्र हवेतच, कारण लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरमधून ११० हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही आणि खर्जाचा आवाज घडवताना आपण नक्की काय ऐकतो आहोत याचा अंदाज पूर्ण चुकतो. हेडफोन कानाला लावण्यापूर्वी आवाज अगदी कमी करून ठेवावा. फिल्टरची शिट्टी पहिल्यांदा निघते तेव्हा ती कानठळ्या बसवणारी असते, आणि हे मी अनुभवाने सांगतो आहे.

पहिली पायरी: व्होल्टेजची भाषा

सॉफ्टवेअर उघडल्यावर काही मॉड्यूल आधीच जोडलेली दिसतात. ती सगळी निवडून काढून टाकावीत. रिकाम्या रॅकमध्ये प्रथम फक्त दोनच मॉड्यूल आणावीत, ध्वनीची लहर निर्माण करणारा एक ऑसिलेटर आणि ती ऐकवणारे एक ऑडिओ. ऑडिओ मॉड्यूलमध्ये आपल्या संगणकाचे ध्वनियंत्र निवडावे, नाहीतर सगळे बरोबर जोडूनही शांतता राहते आणि नवखा माणूस अर्धा तास केबलमध्ये चूक शोधत बसतो.

या दोन मॉड्यूलना जोडणारी केबल व्होल्टेज वाहून नेते, आणि सगळ्या खेळाचे मूळ इथे आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ट्रूमन्सबर्ग या छोट्या गावी थेरेमिन या हात न लावता वाजणाऱ्या विद्युत वाद्याचे सुटे भाग विकणारा रॉबर्ट मूग हा अभियंता आणि हर्बर्ट डॉइच हा संगीतकार यांनी १९६४ च्या उन्हाळ्यात ज्या प्रयोगांना हात घातला, त्यांतली मुख्य कल्पना अशी होती की ऑसिलेटरचा स्वर हाताने नॉब फिरवून बदलण्याऐवजी दुसऱ्या एखाद्या मंडलातून येणाऱ्या व्होल्टेजने बदलावा. ध्वनी निर्माण करणारी विद्युत मंडले त्यापूर्वीही होती. परंतु एका मंडलाने दुसऱ्याला हुकूम द्यावा, आणि तो हुकूमही केबलने जोडता-तोडता येणाऱ्या साध्या व्होल्टेजच्या रूपात असावा, यामुळे थोड्याच मॉड्यूलमधून अगणित वाद्ये तयार होऊ लागली. मूगच्या यंत्रांनी एक व्होल्टला एक सप्तक हे माप रूढ केले आणि पुढे बहुतेक उत्पादकांनी ते स्वीकारले. व्होल्टेज एकाने वाढले की स्वर बरोबर दुप्पट वारंवारतेवर जातो. म्हणजे एका सप्तकाच्या बारा स्वरांत एक व्होल्ट वाटला गेला आणि एका स्वरापासून पुढच्या स्वरापर्यंतचे अंतर सुमारे ०.०८३ व्होल्ट झाले. हा आकडा लक्षात ठेवावा, शेवटच्या पायरीत तो लागेल.

दुसरी पायरी: कच्चा माल

ऑसिलेटरच्या वारंवारतेच्या नॉबवर उजवी कळ दाबून ११० हा आकडा टाकावा आणि चारही वेव्हफॉर्म, म्हणजे लहरींचे आकार, एकेक करून ऑडिओला जोडून ऐकाव्यात. साइन बासरीच्या खर्जासारखी गुळगुळीत आणि काहीशी निर्जीव वाटेल, कारण तिच्यात ११० हर्ट्झशिवाय दुसरे काहीच नाही. सॉटूथमध्ये, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या दिसणाऱ्या लहरीत, ११० बरोबर २२०, ३३०, ४४० असे सगळे उपस्वर असतात आणि वर जाताना त्यांची तीव्रता निम्मी, एक तृतीयांश, एक चतुर्थांश अशी घटत जाते. स्क्वेअरमध्ये फक्त विषम उपस्वर असतात, ११०, ३३०, ५५० असे, आणि म्हणून तो पोकळ, क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाजवळ जाणारा वाटतो. ट्रँगलमध्येही विषमच, पण ते इतक्या वेगाने क्षीण होतात की तो साइनचाच जरा खरखरीत भाऊ वाटतो.

आपण सॉटूथ निवडू. जुन्या ॲनालॉग यंत्रांची अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रुळलेली पद्धत वजाबाकीची आहे: आधी उपस्वरांनी गच्च भरलेला आवाज घ्यायचा आणि मग नको ते फिल्टरने काढून टाकायचे. ज्याच्यात मुळातच काही नाही, त्या साइनमधून काढणार काय?

तिसरी पायरी: दोन ऑसिलेटरमधले अंतर

इथे घाई करू नये. दुसरा ऑसिलेटर आणावा, त्याचीही सॉटूथ घ्यावी, दोन्ही एका मिक्सरमध्ये जोडून मिक्सर ऑडिओला जोडावा आणि दोघांनाही ११० वर ठेवावे. आवाज मोठा होईल, पण वेगळा होणार नाही. आता दुसऱ्याला ११०.५ करावे. ताबडतोब आवाज श्वास घेतल्यासारखा हलू लागतो. कारण साधे आहे: दोन स्वरांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असल्यामुळे दर दोन सेकंदांनी ते एकदा एकमेकांना साथ देतात आणि एकदा एकमेकांना खोडून काढतात. ज्याने तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा मिळवल्या आहेत, त्याला हे विस्पंद कानाने आधीच ओळखीचे असतील; फरक इतकाच की तिथे ते नाहीसे होईपर्यंत खुंटी आणि मणी फिरवायचे असतात आणि इथे ते मुद्दाम राखायचे असतात.

नीट कान दिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. मूळ स्वराचे विस्पंद दोन सेकंदांचे असले, तरी दुसऱ्या उपस्वरात फरक दुप्पट झालेला असतो, म्हणून तिथे ते एका सेकंदाचे होतात, आणि दहाव्या उपस्वरात सेकंदाला पाच. आवाजाच्या तळाशी संथ लाट आणि वरच्या अंगाला वेगाने फिरणारी चकाकी, असे एकाच वेळी चालू असते. मिनीमूगच्या आवाजाला लोक ‘जाड’ म्हणतात, त्याचा मोठा भाग हाच आहे, कारण त्यात असे तीन ऑसिलेटर होते. दुसऱ्या ऑसिलेटरला ११२ करून पाहावे, म्हणजे जाडपणा कुठे संपतो आणि बेसूरपणा कुठे सुरू होतो तेही कळेल. जुन्या बारमधल्या न लावलेल्या पियानोचा आवाज तिथे सुरू होतो.

खऱ्या यंत्रांत हे अंतर स्थिर राहत नसे, आणि त्यामागचे कारण कळले तर नक्कल करणे सोपे जाते. एक व्होल्टला दुप्पट वारंवारता हे गणित साधण्यासाठी ऑसिलेटरमध्ये ट्रान्झिस्टरचा एक गुणधर्म वापरला जातो आणि तो गुणधर्म तापमानावर अवलंबून असतो, एका अंश सेल्सियसला साधारण ०.३३ टक्के इतका. ऐकायला हे थोडे वाटते, पण मूळ बिंदूपासून तीन सप्तके दूर वाजवत असाल, तर एका अंशाच्या फरकाने स्वर सुमारे १२ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा आठवा भाग, सरकतो. त्याच तापमानगुणांकाचे खास रेझिस्टर लावून हा दोष बराच झाकला जाई, पूर्णपणे मात्र नाही. म्हणूनच मंचावर दिवे लागल्यावर यंत्र तापले की वादक दोन गाण्यांच्या मधे ऑसिलेटर जुळवताना दिसत. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ऑसिलेटर अजिबात सरकत नाही, आणि खरे सांगायचे तर तोच त्याचा दोष आहे. तो घालवण्यासाठी एक एलएफओ, म्हणजे स्वर म्हणून ऐकू न येणारा अतिमंद ऑसिलेटर, आणून त्याची गती अगदी मंद, म्हणजे वीस-तीस सेकंदांत एक फेरी इतकी ठेवावी, त्याचे व्होल्टेज दुसऱ्या ऑसिलेटरच्या, वारंवारता हलवणाऱ्या, एफएम या इनपुटला जोडावे आणि तिथला छोटा नॉब शून्यापासून केसभरच हलवावा. नॉब फिरवताना कंट्रोल कळ दाबून ठेवली की तो सावकाश फिरतो. स्वर हलतो आहे असे स्पष्ट ऐकू आले, तर प्रमाण जास्त झाले असे समजावे.

चौथी पायरी: फिल्टर

प्रयोगाला बसण्यापूर्वी ‘ऊ’ म्हणावे आणि स्वर न बदलता हळूहळू तोंड उघडत ‘आ’ वर यावे. गळ्यातून निघणारा मूळ आवाज तोच राहतो. तोंडाची पोकळी बदलल्यामुळे त्यातले कोणते उपस्वर बाहेर पडतात एवढेच बदलते. फिल्टरचे काम या जातीचे आहे, आणि कटऑफचा, म्हणजे ज्या वारंवारतेच्या वरचे उपस्वर कापले जातात ती ठरवणारा, नॉब वर जाताना ‘ऊ’चा ‘आ’ झाल्यासारखा भास का होतो याचे उत्तरही तेच.

मिक्सर आणि ऑडिओ यांच्यामध्ये व्हीसीएफ हे व्होल्टेजने चालणाऱ्या फिल्टरचे मॉड्यूल घालावे आणि त्याचे एलपीएफ असे लिहिलेले, खालचे उपस्वर जाऊ देणारे आउटपुट घ्यावे. कटऑफ पूर्ण उघडून मग तो एका हाताने, दहा सेकंद लावून, तळापर्यंत खाली आणावा. आधी वरची चकाकी जाते, मग आवाज घोंगडी पांघरल्यासारखा होतो, आणि शेवटी केवळ मूळ स्वराचा घुमार उरतो. मूगने आपल्या फिल्टरसाठी १९६६ साली पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ साली त्याला ते मिळाले. त्या मंडलात ट्रान्झिस्टरच्या जोड्या एकीवर एक रचलेल्या असून मधल्या कपॅसिटरमुळे आकृती शिडीसारखी दिसते, म्हणून त्याला लॅडर फिल्टर हे नाव पडले. शिडीच्या चार पायऱ्या प्रत्येकी सहा डेसिबल कापतात. म्हणजे कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डेसिबल. कटऑफ ४४० वर असेल तर ८८० चा उपस्वर ढोबळमानाने सोळाव्या हिश्श्याइतका राहतो. इतका तीव्र उतार असल्यामुळेच या फिल्टरची हालचाल कानाला इतकी ठळक ऐकू येते.

आता रेझोनन्स. या नॉबने फिल्टरचे आउटपुट पुन्हा त्याच्याच इनपुटमध्ये परत जाते आणि कटऑफजवळचे उपस्वर फुगतात. रेझोनन्स मध्यावर ठेवून कटऑफ सावकाश फिरवल्यास सॉटूथमधले उपस्वर एकामागून एक, शिडी चढल्यासारखे, वेगवेगळे ऐकू येतात; तानपुऱ्यातून गंधार ऐकू येतो म्हणजे काय, हे ज्याला अजून पटलेले नाही त्याने हा प्रयोग जरूर करावा. पाचवा उपस्वर म्हणजे ५५० हर्ट्झ, तोच तो गंधार. रेझोनन्स आणखी वाढवला की फिल्टर स्वतःच शिट्टी वाजवू लागतो. लॅडर फिल्टरची एक खोड अशी की रेझोनन्स वाढवल्यावर खालचा आवाज पातळ होतो. खर्जासाठी आवाज करताना त्यामुळे रेझोनन्स एक चतुर्थांशाच्या पुढे नेऊ नये.

पाचवी पायरी: स्वराला जन्म आणि मरण देणे

आतापर्यंतचा आवाज अखंड चालू आहे. त्याला आरंभ आणि अंत देण्यासाठी फिल्टरनंतर व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने आवाज लहान-मोठा करणारा ॲम्प्लिफायर, घालावा, त्याच्यापुढे ऑडिओ, आणि मग दोन एन्व्हलप, म्हणजे काळानुसार चढणारे-उतरणारे व्होल्टेज देणारी, मॉड्यूल आणावीत. मिडीचे व्होल्टेज करणारे मॉड्यूलही आता लागेल: त्याचे स्वराचे आउटपुट दोन्ही ऑसिलेटरना आणि गेट दोन्ही एन्व्हलपना जोडावे. गेट म्हणजे की दाबलेली आहे की नाही एवढेच सांगणारे व्होल्टेज. कीबोर्डचे स्वर नीट जुळावेत म्हणून पहिल्या ऑसिलेटरचा नॉब मूळच्या २६१.६३ वर परत न्यावा आणि दुसऱ्याचा २६२.३९ वर, हा फरक सुमारे ५ सेंटचा आहे.

सुरुवातीच्या प्रयोगांत स्वर सुरू करायला मूग आणि डॉइच यांनी दाराच्या घंटीचे बटण वापरले होते. पुढे कोलंबिया-प्रिन्स्टन या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या केंद्राचे व्लादिमीर उसाचेव्स्की यांनी १९६५ साली ज्या अपेक्षा मूगसमोर ठेवल्या, त्यांतून चार भागांच्या एन्व्हलपचे स्वरूप ठरत गेले. अटॅक म्हणजे स्वर शिखरावर पोचायला लागणारा वेळ, डिके म्हणजे शिखरावरून खाली उतरायला लागणारा, सस्टेन म्हणजे की दाबून ठेवली असताना टिकणारी पातळी, आणि रिलीज म्हणजे की सोडल्यावर विरायला लागणारा वेळ. यांपैकी सस्टेन ही वेळ नसून पातळी आहे, आणि शिकणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो.

पहिला एन्व्हलप व्हीसीएला जोडून अटॅक ५ मिलिसेकंद, डिके ४००, सस्टेन ७० टक्के आणि रिलीज १०० ठेवावा. दुसरा एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफच्या इनपुटला जोडावा. त्याचा अटॅक तितकाच, डिके २५०, सस्टेन अगदी कमी. मग फिल्टरचा मुख्य नॉब बराच खाली आणावा. जोडूनही काहीच बदल होत नसेल, तर त्या इनपुटचा छोटा नॉब शून्यावर आहे का ते आधी पाहावे, कारण येणारे व्होल्टेज किती प्रमाणात मानायचे हे तो ठरवतो. तो वर नेला की प्रत्येक स्वराच्या तोंडाशी फिल्टर क्षणभर उघडून मिटतो, आणि सत्तरच्या दशकातल्या असंख्य रेकॉर्डवर ऐकलेला तो टपोरा खर्ज आपल्या हेडफोनमध्ये येतो. डिके २५० वरून ८० वर आणल्यास तोच आवाज नखाने तार छेडल्यासारखा होतो, ९०० वर नेल्यास पितळी वाद्यासारखा उलगडतो. मी शिकणाऱ्यांना नेहमी सांगतो की एक संपूर्ण संध्याकाळ फक्त या एका नॉबवर घालवावी.

वरच्या पट्टीत गेल्यावर आवाज मंद वाटू लागला, तर स्वराचे व्होल्टेज फिल्टरच्या कटऑफलाही थोडे द्यावे, म्हणजे स्वराबरोबर फिल्टरही वर सरकेल. मिनीमूगवर यासाठी एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशी दोन बटणे होती, आणि दोन्ही दाबली की फिल्टर पूर्णपणे स्वराच्या मागे जाई.

सहावी पायरी: एकच स्वर आणि त्याचे वाजवणे

ही यंत्रे एका वेळी एकच स्वर वाजवत. दोन की एकदम दाबल्या तर मिनीमूग खालचा स्वर धरे, आणि आधीची की सोडल्याशिवाय पुढची दाबली तर एन्व्हलप नव्याने सुरू होत नसे. या दोन मर्यादांनी वादकांचे बोट घडवले. खालची की धरून ठेवून वरची भराभर दाबली, तर वरची सोडताच आवाज आपोआप खालच्या स्वरावर परत येतो असे नव्हे, तर मुळात वरचा स्वर वाजतच नाही. उलट वरची की धरून खालच्या की टिपत गेल्यास गमकेसारखी वेगवान वळणे मिळतात. स्वर सुटे हवे असतील तर बोटे उचलून वाजवावे, आणि मिंडेसारखे जोडलेले हवे असतील तर एक की सोडण्याआधी पुढची दाबावी. ग्लाइडचा नॉब मिंड देतो असे म्हणतात, पण तो प्रत्येक वेळी ठरलेल्या चालीनेच सरकतो. मिंडेतली रेंगाळ त्याच्यात नाही. ती हवी असेल तर कीबोर्डच्या डावीकडचे चाक हातात घ्यावे. महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक वाद्यवृंदात यान हॅमर याने मिनीमूगच्या त्या चाकावर जे काम केले, त्यामुळे कीबोर्डवरून गिटारच्या तारेसारखा स्वर ताणता येतो हे जगाला कळले.

सुरावट एकाहून अधिक आवाजांची असेल तर प्रत्येक आवाज स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करून एकावर एक रचावा. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मूग सिंथेसायझरवर नेमक्या याच पद्धतीने, आठ ट्रॅकच्या टेपवर, एकेक ओळ वाजवून उभ्या केल्या. ‘स्विच्ड-ऑन बाख’ या त्या रेकॉर्डला १९७० मध्ये तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले, आणि तोवर प्रयोगशाळेतले उपकरण मानले जाणारे हे यंत्र घराघरांतल्या लोकांना माहीत झाले. आपणही दोन ओळींची एखादी सोपी रचना घेऊन प्रत्येक ओळीला वेगळा डिके आणि वेगळा कटऑफ द्यावा. म्हणजे ओळी एकमेकींत मिसळून चिखल होत नाही.

सगळ्यांनाच कीबोर्ड हवा होता असे मात्र नाही. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरसाठी जे यंत्र बांधले, त्याला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या नव्हत्या, कारण त्या पट्ट्या आल्या की हात जुनेच संगीत वाजवू लागतो असे त्या मंडळींना वाटे. मॉर्टन सबॉटनिक यांनी १९६७ साली बुकला यांच्याच यंत्रावर आपली पहिली लाँगप्ले रेकॉर्ड केली. आपल्याकडेही अशी एक वाट फुटली होती: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभा करून दिला, आणि गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी त्यावर काम केले. त्या टेप अनेक दशके कपाटात पडून होत्या. ही वाट चाखायची असेल तर कीबोर्डची केबल काढून त्या जागी यादृच्छिक व्होल्टेज देणारे मॉड्यूल जोडावे आणि हात मागे घेऊन ऐकत बसावे.

सातवी पायरी: सिक्वेन्सर

जुन्या यंत्रांचा पुढच्या संगीतावर सर्वांत खोल ठसा कशाचा उमटला असेल, तर तो माझ्या मते आवाजापेक्षा या मॉड्यूलचा. मूगच्या ९६० या सिक्वेन्सरमध्ये आठ-आठ नॉबच्या तीन ओळी होत्या. प्रत्येक ठोक्याला तो एका रकान्यावरून पुढच्यावर जाई आणि तिथले व्होल्टेज बाहेर देई. व्हीसीव्ही रॅकमधल्या सेक ३ या मॉड्यूलची रचनाही तशीच आहे. त्याची पहिली ओळ ऑसिलेटरना आणि ठोक्याचे ट्रिगर आउटपुट दोन्ही एन्व्हलपच्या गेटला जोडावे. ऑसिलेटर दोन सप्तके खाली उतरवावेत, डिके १०० मिलिसेकंदांच्या आसपास आणावा. मिनिटाला १२५ मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेचे चार भाग केले तर मिनिटाला ५०० पावले होतात, म्हणजे प्रत्येक पाऊल १२० मिलिसेकंदांचे. तेवढी गती ठेवावी.

१९७७ साली म्युनिकमध्ये जॉर्जो मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी डोना समरच्या ‘आय फील लव्ह’साठी मूग मॉड्युलरवर ज्या धावत्या खर्जाची रचना केली, ती अशीच थोड्या स्वरांची होती. डावीकडे मूळ आवाज आणि उजवीकडे किंचित उशिरा येणारी त्याची प्रत ठेवल्यामुळे तिचा वेग दुप्पट भासतो. आपणही एक डिले मॉड्यूल घालून, त्याचा वेळ पावलाच्या निम्मा ठेवून आणि प्रत फक्त उजव्या बाजूला देऊन हे ऐकू शकतो. त्या गाण्यातला तालाचा ठोका मात्र कीथ फोर्सी या ड्रमवादकाने वाजवलेला आहे.

आता ०.०८३ व्होल्टचा आकडा कामाला घ्यावा. षड्ज शून्यावर धरला तर कोमल गंधार ०.२५ व्होल्टवर, मध्यम ०.४१७ वर, कोमल धैवत ०.६६७ वर, कोमल निषाद ०.८३३ वर आणि तार षड्ज १ वर येतो. हे मालकंसाचे स्वर झाले. नॉबवर उजवी कळ दाबून ते आकडे टाकता येतात. परंतु मूगच्या सिक्वेन्सरचे नॉब बारा स्वरांना बांधलेले नव्हते, ते कानाने लावावे लागत, आणि ही गैरसोय आपल्या फार उपयोगाची आहे. षड्जाशी सहास पाच या प्रमाणात असणारा कोमल गंधार ०.२६३ व्होल्टवर सापडतो. एक ऑसिलेटर सिक्वेन्सरपासून तोडून षड्जावर अखंड धरून ठेवावा, आणि दुसऱ्यावरचा गंधार ०.२५ वरून हळूहळू वर नेत विस्पंद कुठे शांत होतात ते ऐकावे. हार्मोनियमवर जे करता येत नाही ते इथे एका नॉबने होते.

या दिशेने मुंबईत फार लवकर कोणीतरी गेले होते. चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम करणारे चरणजित सिंग यांनी रोलंड या जपानी कंपनीची तीन यंत्रे, ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जयंत्र, एकमेकांना जोडून मालकंस, भैरवी, ललित, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि १९८२ साली त्याची रेकॉर्ड निघाली. ती तेव्हा फारशी चालली नाही. टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या वादकांना बास गिटारची सोबत मिळावी म्हणून बनवले गेले होते, बास गिटारसारखे ते मुळीच वाजत नसे, आणि लवकरच त्याचे उत्पादन बंद पडले; शिकागोच्या तरुणांनी स्वस्तात मिळालेल्या त्याच यंत्राचे कटऑफ आणि रेझोनन्स वाजतावाजता फिरवून १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड काढली आणि ॲसिड हाउस ही शैली जन्मली. मुंबईची रेकॉर्ड २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली तेव्हा ऐकणारे चकित झाले ते त्यामुळे.

तो आवाज हवा असेल तर एक ऑसिलेटर बंद करावा, कारण टीबी-३०३ मध्ये एकच होता. रेझोनन्स तीन चतुर्थांशावर न्यावा, डिके आखूड ठेवावा, आणि स्वराच्या केबलमध्ये स्लू लिमिटर घालून स्वर एकमेकांत घसरू द्यावेत. सिक्वेन्सरची दुसरी ओळ कटऑफला जोडून दोन-तीन पावलांवर तो वर न्यावा, म्हणजे तेवढेच स्वर बोचरे होऊन ठेक्यात वेगळी आंदोलने येतात. मग सिक्वेन्सर चालू ठेवून फक्त कटऑफचा मुख्य नॉब हातात घ्यावा आणि पाच मिनिटे दुसरे काही करू नये.

आवाज मनासारखा झाला की सॉफ्टवेअरमध्ये जतन करण्यापूर्वी तो कागदावर लिहावा. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरमध्ये मायक्रोप्रोसेसर आला, चाळीस आवाज साठवता येऊ लागले आणि लिहिण्याची गरज संपली, हे खरे. तरीही कोणती केबल कुठून कुठे गेली, कटऑफ घड्याळाच्या काट्याप्रमाणे किती वाजता होता, दोन ऑसिलेटरमध्ये किती अंतर होते आणि दोन्ही एन्व्हलपचे चार-चार आकडे काय होते, एवढे एका पानावर मावते. दुसऱ्या दिवशी रॅक रिकामा करून त्या पानावरून आवाज पुन्हा बांधावा आणि जतन केलेल्या आवाजाशी ताडून पाहावा. फरक ऐकू आला, तर कोणता आकडा लिहायचा राहिला ते शोधावे. बहुतेक वेळा तो फिल्टरच्या इनपुटजवळचा छोटा नॉब असतो.